चहा प्यायला की लघवीला का लागते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसटीने लांबचा प्रवास असला की माझी आई निघण्याआधी चहाला हात लावत नाही. स्टँडवर आम्ही सगळे कटिंग घेतो, ती पिशव्या सांभाळत बसते. "गाडी चार तास थांबायची नाही, आणि थांबली तरी बायकांनी जायचं कुठे?" मी फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे चहा आणि लघवीबद्दलचे प्रश्न माझ्याकडे वर्गातून कमी आणि नात्यागोत्यातून जास्त येतात. तेच इथे एकत्र केले आहेत. दोन गोष्टी वाचताना वेगळ्या ठेवा: किडनी किती लघवी तयार करते ही एक, आणि मूत्राशय किती लवकर घाई करतं ही दुसरी. बहुतेक गोंधळ या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

चहाने लघवी जास्त होते, हे खरं की नुसती समजूत?

खरं आहे, पण लोक समजतात त्या कारणामुळे नाही. पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे चहा हे पाणीच आहे. एक मोठा मग प्यायलात तर पाव लिटरच्या आसपास पाणी पोटात गेलं. रक्त जरासं पातळ झालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एडीएच नावाचं संप्रेरक कमी सोडते. हे संप्रेरक किडनीला "पाणी धरून ठेव" असं सांगत असतं. सांगणारंच गप्प झालं की किडनी पाणी सोडून देते. एकदम भरपूर पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासात लघवी वाढायला लागते आणि तासाभराने ती सगळ्यात जास्त असते. तेवढंच कोमट पाणी प्यायलात तरी हेच होईल.

दुसरं कारण कॅफिनचा किडनीवरचा परिणाम आणि तिसरं कॅफिनचा मूत्राशयावरचा. दुसऱ्याचा गवगवा फार होतो. तिसऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि त्रास मात्र बऱ्याच जणांना त्याचाच असतो.

कॅफिन किडनीत नेमकं काय करतं?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर. म्हणजे गाळलेल्यातलं ९९ टक्के पाणी परत रक्तात घेतलं जातं, आणि त्यातलं सुमारे दोन तृतीयांश काम किडनीतल्या बारीक नळीच्या अगदी सुरुवातीच्या भागात उरकतं. तिथे आधी मीठ, म्हणजे सोडियम, आत ओढलं जातं आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं. या ओढकामाला जोर देणारा एक रेणू आहे, ॲडेनोसिन. गाळणीकडे रक्त आणणारी बारीक रक्तवाहिनी आवळून धरण्यातही त्याचा हात असतो. त्यासाठी तो पेशीवरच्या ठराविक जागी जाऊन बसतो.

कॅफिनचा रेणू ॲडेनोसिनसारखाच दिसतो. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरतात, तसं कॅफिन त्या जागा धरतं. स्वतः काहीच करत नाही, पण ॲडेनोसिनला बसू देत नाही. मग सोडियम कमी ओढलं जातं, राहिलेलं सोडियम नळीत पुढे सरकतं आणि आपल्याबरोबर पाणीही घेऊन जातं. चहाने झोप उडते तीही याच रुमालामुळे, फक्त ती सीट मेंदूतली.

दारूचं प्रकरण वेगळं आहे. ती थेट एडीएचलाच दाबते, म्हणून तिच्यामुळे होणारी लघवी कॅफिनपेक्षा जोरदार असते. चहा आणि बिअर एका माळेत ओवणं चहावर अन्याय आहे.

एका कपात कॅफिन असतं किती?

सुक्या चहापत्तीत वजनाच्या २ ते ४ टक्के कॅफिन असतं. घरी एका कपाला आपण चमचाभर, म्हणजे २ ग्रॅमच्या आसपास पावडर टाकतो. सगळं कॅफिन पाण्यात उतरलं तरी ४० ते ८० मिलिग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत चहाच्या एका कपाला ३० ते ६५ मिलिग्रॅम धरले आहेत आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. त्याच मार्गदर्शिकेत १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीला ८० ते १२० मिलिग्रॅम दिले आहेत.

कटिंगचा काचेचा ग्लास काठोकाठ भरला तरी शंभर मिलिलिटरच्या आत राहतो. त्यामुळे "मी दिवसाला आठ चहा पितो" यावरून काहीच कळत नाही. टपरीचे आठ की ऑफिसातल्या मगाचे आठ, हे आधी विचारावं लागतं.

आणखी एक. आपली पावडर बारीक दाण्यांची, सीटीसी (पानं चिरडून, फाडून, वळवून करतात त्या) पद्धतीची असते. दाणे बारीक असल्यामुळे कॅफिन पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात उतरतं. त्यानंतर उकळत ठेवलं की मुख्यतः टॅनिन उतरत राहतं. तुरटपणा आणि गडद रंग त्याचा. चुलीवर अर्धा तास राहिलेला चहा जिभेला कडक लागतो, पण त्या प्रमाणात त्यातलं कॅफिन वाढलेलं नसतं.

थिओफायलिन आणि थिओब्रोमिनचं काय? तेही चहात असतात ना?

असतात. कॅफिन, थिओफायलिन आणि थिओब्रोमिन ही तिघं भावंडं, झँथिन घराण्यातली. (थिओब्रोमिनमध्ये ब्रोमिन नसतं, विद्यार्थी दरवर्षी फसतात. कोकोच्या झाडाच्या ग्रीक नावाचा अर्थ देवांचं अन्न, त्यावरून ते नाव आलं.) थिओफायलिन १८८८ साली अल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञांनी चहाच्या पानांतूनच वेगळं केलं, आणि नावाचा अर्थही चहाचं पान असाच. १९०२ मध्ये ते औषध म्हणून पहिल्यांदा वापरलं गेलं ते लघवी वाढवण्यासाठी. दम्यासाठी त्याचा वापर नंतर सुरू झाला.

एवढं वाचून लोक निष्कर्ष काढतात की चहाची करामत थिओफायलिनची. पण औषध म्हणून ते शेकडो मिलिग्रॅममध्ये द्यावं लागतं, आणि चहाच्या कपात ते मिलिग्रॅमभरही भरत नाही. थिओब्रोमिन त्याहून जास्त असतं, पण किडनीवर ते कॅफिनइतकं जोरकस नाही. गंमत अशी की कॅफिन यकृतात मोडतं तेव्हा त्यातून थोडं थिओफायलिन आणि थिओब्रोमिन तयार होतं. सगळ्यात जास्त तयार होतं ते पॅराझँथिन, तेही ॲडेनोसिनच्या जागा अडवतं. म्हणजे कपातून मिळत नाही तेवढं थिओफायलिन शरीर कॅफिनमधूनच बनवतं. एका कपात तीन भावंडांची फौज उतरते असं म्हणण्यापेक्षा थोरल्याचंच काम धाकटी पुढे चालवतात, असं म्हणा.

मग चहातली ही द्रव्यं एकमेकांना जोर देतात की आडवी येतात?

झँथिन द्रव्यं सगळी एकाच जागेसाठी धडपडतात, त्यामुळे त्यांचा परिणाम साधारण बेरजेने वाढतो, गुणाकाराने नाही.

टॅनिनची गोष्ट वेगळी आणि ती डोळ्यांनी बघता येते. कोरा चहा करा, गाळा, काचेच्या ग्लासात फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन तासांनी पारदर्शक तांबूस चहा गढूळ, मातकट झालेला दिसेल. कॅफिन आणि चहातले पॉलिफिनॉल (टॅनिन याच गटातलं) थंडाव्यात एकमेकांना चिकटले, त्याचा तो गढूळपणा. पुन्हा गरम केलात की चहा निवळतो, इतकी ती पकड सैल असते. यावरून "चहातलं कॅफिन टॅनिनने बांधलेलं असतं म्हणून सौम्य लागतं" असं सांगितलं जातं. पोटातल्या उबेत आणि पातळपणात ही पकड फारशी टिकण्यासारखी नाही. माझ्या मते चहा कॉफीपेक्षा सौम्य वाटतो तो मुख्यतः कपात कॅफिनच कमी असल्यामुळे.

थिॲनिन हे अमिनो आम्ल चहाचं खास. १९४९ साली जपानमध्ये ते चहात सापडलं. कॅफिनच्या उत्तेजनाला ते थोडं मवाळ करतं, असं काही प्रयोगांत दिसलं आहे, पण तो मेंदूचा मामला आहे. लघवीच्या हिशोबात त्याला धरायचं कारण नाही.

दूध आणि साखरेने काही फरक पडतो का?

दुधाने कॅफिन कमी होत नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन टॅनिनला धरतं, म्हणून तुरटपणा जातो. पण लघवीच्या बाजूने दुधाचा एक वेगळाच गुण आहे. ब्रिटनमध्ये ७२ पुरुषांना तेरा वेगवेगळी पेयं देऊन प्रत्येक पेयाने किती लघवी होते ते मोजलं होतं. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चहा आणि कॉफीने पाण्याइतकीच लघवी झाली, आणि दुधाने पाण्यापेक्षा कमी. दुधातले क्षार, प्रथिनं आणि साखर यांमुळे ते पोटातून हळू पुढे सरकतं आणि पाणी जास्त वेळ टिकतं. तेव्हा आपला निम्मं दूध घातलेला चहा कोऱ्या चहापेक्षा कमी लघवी करवत असावा, असा माझा अंदाज.

निरोगी माणसात दोन चमचे साखरेने लघवीत फरक पडत नाही. मधुमेह ताब्यात नसेल तर पडतो. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनीला ती सगळी परत घेता येत नाही. साखर लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते. अशा घरात "चहाने लघवी होते" म्हणून चहाला बोल लावतात आणि साखर तपासायची राहून जाते.

चहा शरीरातलं पाणी काढतो, म्हणून तो दिवसाच्या पाण्यात धरायचा नाही, असं ऐकलंय.

धरायचा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात २१ निरोगी पुरुषांना बारा तासांत २४० मिलिलिटरचे ४ किंवा ६ मग चहा दिला, आणि दुसऱ्या खेपेला तेवढंच उकळलेलं पाणी. रक्त आणि लघवी दोन्ही तपासलं. चहा आणि पाणी यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

२०१५ मध्ये १६ अभ्यासांचं एकत्र गणित मांडलं गेलं. सरासरी ३०० मिलिग्रॅम कॅफिनमागे लघवी जवळपास १०९ मिलिलिटरने वाढली, आणि व्यायाम करताना हा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. आता आपला हिशोब करा. ३०० मिलिग्रॅम कॅफिनसाठी मध्यम ताकदीचे सहा कप लागतील. त्यांतून लिटरभर द्रव आत जाईल आणि जास्तीचं बाहेर पडेल ते कटिंगच्या एखाद्या ग्लासाएवढं.

तरीही उन्हाळ्यात तहानेला चहा हे उत्तर म्हणून मी सुचवणार नाही. त्याचं कारण लघवी नसून साखर आणि झोप आहे.

मला दिवसाला पाच चहा लागतात आणि काही होत नाही. माझ्या जावेला एका कपाने दोनदा जावं लागतं. असं कसं?

सवय. रोज कॅफिन मिळणाऱ्या शरीरात त्याचा लघवी वाढवणारा परिणाम बोथट होतो. हे १९२८ सालापासून माहीत आहे. त्या वर्षी एडी आणि डाऊन्स या संशोधकांनी कॅफिनला, थिओब्रोमिनला आणि थिओफायलिनला शरीर कसं सरावतं ते मोजून दाखवलं. २००३ मधल्या एका आढाव्यानुसार बरेच दिवस कॅफिन न घेतलेल्या माणसाला एकदम २५० ते ३०० मिलिग्रॅम दिलं, तर लघवी तात्पुरती वाढते. रोजच्या चहाबाजात तेवढा परिणाम दिसत नाही.

आपल्याकडे याचा आयता नमुना आहे: चातुर्मासात चहा सोडणारी माणसं. चार महिने चहा बंद, आणि कार्तिकी एकादशी झाल्यावर पुन्हा पातेलं चढतं. पहिल्या दोन-चार दिवसांत "हल्ली चहा सोसत नाही, सारखं जावं लागतं" ही तक्रार येते. आठवडा झाला की तक्रार मिटते. चहा तोच असतो, मधल्या काळात शरीर सवय विसरलेलं असतं.

शिवाय कॅफिन मोडायचा वेग प्रत्येकाचा निराळा. साधारणपणे निम्मं कॅफिन जायला ५ तास लागतात. सिगारेट ओढणाऱ्यांत ते लवकर मोडतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत वेळ जवळपास दुप्पट होतो, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही वाढतो. गरोदर बायकांनी दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं, ते यासाठीही.

लघवी थोडीच होते, पण चहानंतर घाई फार होते. हे किडनीचं दुखणं का?

बहुधा किडनीचं नाही, मूत्राशयाचं. मूत्राशय म्हणजे स्नायूची पिशवी. १५०-२०० मिलिलिटर भरली की पहिली जाणीव होते आणि ३०० ते ५०० पर्यंत ती आरामात मावून घेते. कॅफिन या भिंतीतल्या स्नायूला चेतवतं. ज्यांचं मूत्राशय आधीच चंचल आहे अशा बायकांना २०० मिलिग्रॅम कॅफिन दिल्यावर पिशवी भरताना आतला दाब वाढतो, हे १९९० च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. लघवी तेवढीच, पण पिशवी लवकर ओरडते. सवयीने किडनीवरचा परिणाम मावळतो, तसा भरवसा इथे देता येत नाही.

खोकताना किंवा हसताना गळणं, दरवाज्यापर्यंत पोचेपर्यंत न आवरणं, दिवसातून आठापेक्षा जास्त वेळा जावं लागणं, यांतलं काही असेल तर दोन-तीन आठवडे चहा हळूहळू निम्म्यावर आणून बघा. एकदम तोडू नका, डोकं धरतं. आणि हे "वयाचं आहे" म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडच्या बायका डॉक्टरांना गुडघे दाखवतात, हे सांगत नाहीत.

पावसाळ्यात चहाने जास्त लघवी होते का?

चहाला उगाच दोष. घाम कमी येतो, आणि गारव्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळल्यामुळे रक्त आत सरकतं, किडनी ते जादा पाणी समजून काढून टाकते. त्यात भजी आली की चहाही एक कप वाढतो.

वडिलांना रात्री तीनदा उठावं लागतं. संध्याकाळचा चहा बंद करू का?

सहानंतरचा करून पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. वय वाढलं की रात्री एडीएच वाढायचं चक्र मंदावतं. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असू शकते. यांपैकी कशालाही चहा जबाबदार नाही. घोटे सुजत असतील तर संध्याकाळी तासभर पाय उशीवर ठेवून बसवा. बऱ्याच घरांत चहा बंद करण्यापेक्षा याचा फरक लवकर दिसतो, आणि वडीलही चिडत नाहीत.

ग्रीन टी, गवती चहा, आल्याचा चहा?

ग्रीन टी त्याच झाडाचा, त्यामुळे कॅफिन आहेच. गवती चहा हे गवत, त्यात कॅफिन नाही. आपण त्यात पावडर टाकतो, तेव्हा येतं. आलं, वेलची, गवती चहा यांना मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारं, म्हणण्याची परंपरा आहे, पण चिमूटभर टाकल्याने मोजण्याइतका फरक पडेल असं मला वाटत नाही.

मुतखडा आहे. चहा सोडू?

चहात ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य असतं, आणि बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे. पण दुधातलं कॅल्शियम ते ऑक्झॅलेट आतड्यातच धरतं, आणि चहाने पाणीही जातं. मोठ्या पाहण्यांत चहा पिणाऱ्यांत खड्यांचं प्रमाण जास्त निघालेलं नाही, उलट थोडं कमीच दिसलं. अतिरेक मात्र नको: अमेरिकेत आर्कान्सामधला ५६ वर्षांचा एक माणूस रोज सोळा ग्लास आइस्ड टी पीत होता आणि त्याच्या किडन्या ऑक्झॅलेटने निकामी झाल्या, ही केस २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तो चहा बिनदुधाचा होता, हे लक्षात घ्या.

कुठल्या गोळ्यांबरोबर जपावं?

लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) चालू असेल तर चहा अचानक वाढवू नका आणि अचानक बंदही करू नका. कॅफिन लिथियमला लघवीतून बाहेर काढतं. चहा तोडला की रक्तातलं लिथियम वाढून त्रास होऊ शकतो. दम्याच्या थिओफायलिनच्या गोळ्यांवर जास्त चहा म्हणजे त्याच घराण्यातल्या द्रव्यांची भर. छाती धडधडते, हात थरथरतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक कॅफिन मोडायचं काम अडवतं, म्हणून त्या पाच दिवसांत नेहमीचा चहाही जड जातो. उन्हाळी लागली म्हणून हेच औषध कधी कधी दिलं जातं, आणि बाई म्हणते "औषधाने झोप गेली".

डॉक्टरांकडे कधी जायचं?

दिवसाची लघवी तीन लिटरच्या वर जात असेल, तहान भागत नसेल, वजन उतरत असेल, लघवीत रक्त, जळजळ किंवा ताप असेल, तर चहाचा विचार बाजूला ठेवून जा.

घरी मोजून बघता येईल?

येईल, आणि डॉक्टरही हेच करायला सांगतात. आकडे छापलेला प्लास्टिकचा मग आणा. सलग तीन दिवस वहीत चार रकाने: वेळ, काय आणि किती प्यायलं, किती लघवी झाली, घाई होती का. दोन दिवस नेहमीचा चहा आणि तिसऱ्या दिवशी तेवढंच कोमट पाणी. चहाच्या दिवशी लघवीचे आकडे वाढले तर किडनीकडे बघायचं. आकडे तेच आणि खेपा जास्त असतील तर मूत्राशयाकडे. आईने हे केलं तेव्हा तिने मगावर मार्करने मोठ्ठं "माझा" लिहिलं आणि तो न्हाणीघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, म्हणजे कुणी त्यात दूध मोजायला नको.